बांधून न्यायचे तर

सोलापुरातल्या संभाजी तलावाच्या फाटकासमोर सकाळी चहाची एक गाडी उभी असते. पावसाळा सरत आलेल्या दिवसांत एकदा तिथे सायकल स्टँडवर लावून मी मागच्या टोपलीत बसलेल्या माझ्या कुत्र्याच्या, शेंग्याच्या, छातीपट्ट्याचे हुक सोडवत होते. शेजारच्या बाकावर धोतर-टोपीतले एक वयस्क गृहस्थ बशीत चहा ओतून घेत बसले होते. बराच वेळ ते माझ्या हातांकडे पाहत राहिले आणि मग सहज बोलल्यागत म्हणाले, “ताई, बांधून न्यायचं तर मग न्यायचं कशाला हो?” त्यात टोमणा नव्हता. उत्तराची अपेक्षाही नसावी, कारण विचारून झाल्यावर त्यांनी बशी ओठांना लावली आणि ते पाण्यावरच्या बगळ्यांकडे बघू लागले. “पडू नये म्हणून,” एवढेच मी म्हणाले, शेंग्याला एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या मांड्यांखाली घालून उचलले, जमिनीवर ठेवले आणि आमची नेहमीची फेरी सुरू झाली. उत्तर खरे होते. तरीही ते वाक्य दुपारी भाकरी थापताना माझ्यासोबत होते, संध्याकाळी वाचनालयात पुस्तक बदलताना होते, आणि पुढे कित्येक दिवस हुक अडकवताना माझी बोटे क्षणभर थबकू लागली.

शेंग्याचे वजन सहा किलोंच्या आसपास आहे. भाजलेल्या शेंगेच्या टरफलाचा रंग आणि मधेच बारीक झालेली कंबर पाहून भाच्याने हे नाव ठेवले, आणि सोलापुरातल्या कुत्र्याला ते शोभलेही. त्याचे पाय आखूड आणि पाठ लांब आहे. वंशात कुठेतरी डॅशहुंड असावा आणि उरलेले सारे आपले गावठी, असे आमचे पशुवैद्य म्हणतात. अशा बांध्याच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो आणि ती सरकली तर मागचे पाय बघता बघता लुळे पडू शकतात. त्यामुळे जिना उतरायचा नाही, पलंगावरून उडी मारायची नाही, असे नियम घरात आहेत आणि ते तो सोडून सगळे पाळतात. तलाव मात्र त्याला प्रिय आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापासून तिथवर चालत जाऊन, फिरून, परत चालत येणे त्याच्या पायांना झेपत नाही; आणि मी एकटीच सायकलवर निघाले तर दाराच्या फटीतून नाक बाहेर काढून तो जे रडगाणे लावतो, ते शेजाऱ्यांना झेपत नाही. सायकलबरोबर पळवत न्या, असा सल्ला देणारे भेटतात. रमतगमत चालवलेली सायकलही ताशी बारा किलोमीटरने जाते आणि शेंग्यासाठी ती जीव खाऊन धावण्याची गती आहे. शिवाय कुत्रा थकला म्हणून थांबेल, याचा भरवसा नसतो. आपले माणूस पुढे चालले आहे एवढेच त्याला दिसते आणि तळवे सोलवटले तरी तो मागे येत राहतो. न्यायचे असेल तर त्याला वाहूनच न्यायला हवे होते.

कुत्रा वाहून नेण्याची एक रूढ पद्धत आपल्या शहरात आहेच. स्कूटरवर चालवणाऱ्याच्या पायांपाशी जी सपाट जागा असते तिथे तो उभा असतो, कान वाऱ्यावर आणि जीभ बाहेर. सात रस्त्याच्या सिग्नलला असा एखादा पॉमेरियन दिसला की शेजारचे रिक्षावालेही हसतात. त्या कानांचे कौतुक मलाही वाटते. पण हल्ली माझी नजर आधी त्याच्या नखांकडे जाते. गुळगुळीत पत्र्यावर ती नखे काहीच पकडू शकत नाहीत. सिग्नल सुटल्यावर, वळणावर, एकाएकी मारलेल्या ब्रेकला तो चारही पायांनी घसरत स्वतःला सावरत असतो आणि बघणाऱ्याला वाटते, स्वारी मजेत आहे. दुचाकीवर मागे बसणारा माणूस पुढच्याची कंबर धरतो, आडवी बसलेली बाई सीटची कड धरते, लहान मूल दोघांच्या मध्ये चेपून बसते.

कुत्र्याला धरायला हातच नाहीत.

मलाही एके काळी बांधून नेले जात असे. अण्णा लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते आणि दुसरी पाळी असली की ते मला त्यांच्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलवरून शाळेत सोडत. दांडीवर पंचा घडी करून गुंडाळलेला असे, तरी लोखंड मांडीला टोचायचेच. मी आडवी बसायचे, दोन्ही हात हँडलच्या मधोमध, घंटीला लागून. आमच्या चाळीतल्या एका मुलाची टाच अशीच चाकाच्या तारांत अडकून सोलली गेली होती आणि तेव्हापासून अण्णा आपला मोठा रुमाल माझ्या दोन्ही घोट्यांभोवती घेऊन एक सैल गाठ मारत. पाय हलवता येतील, पण लोंबकळत चाकापर्यंत पोचणार नाहीत, एवढीच ती गाठ. मला तिची विलक्षण लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी, मैत्रिणींदेखत, अण्णा एका गुडघ्यावर बसून ती सोडायचे. मला अलीकडच्या चौकातच उतरवा, असे मी रोज विनवायची आणि ते रोज मान हलवून पुढे न्यायचे. आता मागे वळून पाहताना त्या सायकलवरचा वारा, अण्णांच्या सदऱ्याला येणारा यंत्राच्या तेलाचा आणि कापसाच्या तुसाचा वास, माझ्या डोक्यावर अधूनमधून टेकणारी त्यांची हनुवटी हे सगळे आठवते, आणि ते त्या गाठीसकटच आठवते. तेव्हा मला कुणी विचारले असते तर मी चालत जाणे पत्करले असते. अण्णांनी विचारले नाही.

शेंग्याला सायकलवर बसवायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न जागेचा आला. माझ्या लेडीज सायकलला पुढे तारेची बास्केट होतीच आणि घरच्यांच्या मते सोय झालेलीच होती. ही बास्केट वह्या, डबा, फार तर कोथिंबिरीची जुडी यांच्यासाठी असते. तिचा भार हँडलवरच्या दोन कड्यांवर आणि चाकाच्या आसापर्यंत उतरणाऱ्या दोन बारीक सळ्यांवर तोललेला असतो, आणि तारांमधली भोके एवढी मोठी असतात की पंजा आरपार जाऊन अडकावा. हँडलवर बसवायच्या टोपल्या साधारणपणे पाचेक किलोंच्या ओझ्यासाठी बनवतात. ते ओझे निर्जीव असते, असे त्यात गृहीत असते. जिवंत ओझे डावीकडच्या मांजराकडे झुकते तेव्हा हँडलही त्याच्याबरोबर झुकते, आणि सायकल जितकी सावकाश चाललेली असेल तितके ते सावरणे अवघड जाते. दोन-तीन किलोंच्या पिल्लाला पुढची जागा चालेल, शिवाय ते डोळ्यांसमोर राहते, हे मोठे सुख आहे. सहा किलोंच्या शेंग्यासाठी मात्र मागचे कॅरिअरच योग्य होते. चांगल्या कॅरिअरवर त्याला पेलणारे वजन कोरलेले असते. माझ्या कॅरिअरवर २५ किलो असा आकडा आहे.

मागच्या टोपलीत एक अडचण असते, जी लेडीज सायकलमुळे मला आली नाही. दांडीच्या सायकलवर चढताना पाय मागून फिरवून टाकावा लागतो. मागे कुत्रा बसलेला असेल तर ती लाथ नेमकी त्याच्या तोंडावर जाते. माझ्या सायकलला पाय पुढून घालता येतो. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जी जाळी असते, तिने शेंग्याच्या शेपटीचाही प्रश्न मिटला. उरली एक उणीव, की तो मला दिसत नाही. त्यासाठी हँडलच्या डाव्या टोकाला एक छोटा गोल आरसा बसवून घेतला आणि तो टोपलीकडे वळवला. उजवीकडचा आरसा रस्त्यासाठी आहे. डाव्या आरशात त्याचा एक कान आणि अर्धा डोळा दिसतो. तेवढ्यावरून पुष्कळ कळते.

टोपली प्लास्टिकची घेता आली असती, पण बंद बाजूंची पेटी आपल्याकडच्या उन्हात पाहता पाहता तापते. म्हणून मंगळवार पेठेच्या बाजूला सुपे-दुरड्या मांडून बसणाऱ्या एका बुरूड आजींकडे गेले. त्यांच्या डाव्या अंगठ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि मांडीवर ओल्या कामट्यांचा जुडगा होता. काय हवे ते मी हातवारे करून सांगितले. “कोंबड्याला का?” त्यांनी मान वर न करता विचारले. कुत्र्यासाठी, असे म्हटल्यावर कोयता थांबला. “मग त्येला घेऊन ये की. मापाशिवाय कसं करू?” दुसऱ्या दिवशी शेंग्याला रिक्षातून घेऊन गेले. त्याला त्यांनी पोत्यावर बसवले, वितीने मोजले, मग उभे करून पुन्हा मोजले, आणि सुनेला कानडीत काहीतरी सांगून दोघी हसल्या. बसल्यावर हनुवटी काठावर टेकावी आणि उभा राहिला तरी काठ छातीच्या वर यावा, असे माप त्यांनी आपल्या मनाने ठरवले. ते इतके अचूक होते की पुढे मला त्यात काही बदलावेसे वाटले नाही. कामट्यांची गुळगुळीत, सालीकडची बाजू त्यांनी आत घेतली. विणून झाल्यावर आतल्या बाजूवरून तळहाताची मागची, मऊ बाजू सावकाश फिरवली. दोन ठिकाणी हात अडला, तिथे कोयत्याच्या टोकाने कूस काढून टाकले आणि पुन्हा हात फिरवला. “एकदा टोचलं की जनावर परत बसत नाही बघ,” त्या म्हणाल्या. कुत्र्याला एखाद्या गोष्टीची सवय कशी लावावी यावर मी नंतर जे वाचले, त्याचे निम्मे सार त्यात आले होते.

बांबूला थेट बोल्ट मारला तर तो चिरतो. सायकल दुरुस्त करणाऱ्याने म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा घेतला, टोपलीच्या तळातून लोखंडी पट्टी आडवी घालून ती कॅरिअरला चार बोल्टांनी आवळली आणि प्रत्येक बोल्टवर दुसरा नट चढवला, कारण विजापूर रोडवरचे गतिरोधक एकटा नट महिनाभरात सैल करतात, असे त्याचे अनुभवाचे मत होते. आत तळाला रबरी मॅट, त्यावर जुन्या उशीचा फोम आणि सगळ्यांत वर सोलापुरी चादरीची चौघडी. ही चादर जाड विणीची असल्यामुळे नखांना पकड मिळते. मात्र तिची चारही टोके टोपलीला बांधावी लागतात, नाहीतर चादरच कुत्र्यासकट घसरते. मागच्या चाकाचा प्रत्येक खड्डा थेट टोपलीत चढतो, तेव्हा त्या चाकात हवा अगदी टणक भरत नाही.

पहिली फेरी शेंग्याने केली नाही, ज्वारीने केली. सहा किलो ज्वारी पिशवीत भरून टोपलीत ठेवली आणि कॉलनीतून चकरा मारल्या. सायकल स्टँडवरून काढताना मागचा भार कसा खेचतो, ब्रेक किती आधी लावावा लागतो, एका हाताने वळण्याची खूण करताना तोल कुठे जातो, हे सगळे धान्याच्या पिशवीने तक्रार न करता शिकवले. पहिल्याच उजव्या वळणाला पिशवी डावीकडच्या भिंतीला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. कुत्रा असता तर तो लगेच उलट्या बाजूला आला असता, म्हणजे धक्का दुहेरी. स्टँड मागे दोन पायांचा, भक्कम असावा लागतो हेही तेव्हाच ध्यानात आले. बाजूला कलणाऱ्या एकपायी स्टँडवर भरल्या टोपलीचा भरवसा नाही. भक्कम स्टँडवरही शेंग्याला टोपलीत ठेवून मी दोन पावलेसुद्धा दूर जात नाही.

आता त्या हुकांविषयी. गळपट्ट्याला दोरी बांधून कुत्रा टोपलीत बसवणे, हे न बांधण्याहून वाईट आहे. त्याने उडी मारली तर तो टोपलीबाहेर लटकतो आणि सगळे वजन गळ्यावर येते. म्हणून छातीपट्टा हवा, छाती आणि पोट दोन्हींना वेढणारा, आणि दोरी पाठीवरच्या कडीत. लांबीचा हिशेब तर याहून नाजूक आहे. दोरी इतकी आखूड असावी की पुढचे पाय काठावर चढवता येऊ नयेत आणि इतकी लांब असावी की बसता, आडवे होता, मान वळवता यावी. एकाच बाजूने बांधले तर कुत्रा दुसऱ्या बाजूने काठ गाठतो, म्हणून डावीकडून एक आणि उजवीकडून एक, अशा दोन दोऱ्या; दोन्ही टोके बांबूला न अडकवता खालच्या लोखंडी पट्टीला. हुक एका हाताने उघडणारा हवा, कारण सायकल पडलीच तर दुसरा हात कुठे असेल सांगता येत नाही.

सायकल पडलीच तर. चहाच्या गाडीजवळच्या त्या आजोबांच्या प्रश्नाची टोचणी इथेच होती, हे मला फार उशिरा कळले. मोकळा कुत्रा पडणाऱ्या सायकलवरून कदाचित उडी मारून सुटेल. बांधलेला कुत्रा माझ्याबरोबर पडेल. दुसरीकडे, मोकळा कुत्रा रस्त्यापलीकडच्या शेळीसाठी भर रहदारीत उडी मारेल, आणि ही शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे. उंच काठाची टोपली पडली तरी त्याला बऱ्याच अंशी आत ठेवते. हिशेब बांधण्याच्याच बाजूने लागतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा अर्थ असा, की त्याची सुटका मी काढून घेतली आहे आणि त्याच्या वाट्याचे सावध राहणे माझ्याकडे आले आहे. तेव्हापासून माझे सायकल चालवणे बदलले. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून ट्रॅक्टर येताना दिसला की मी उतरून बाजूला उभी राहते. पूर्वी मी त्याच्या आधी निसटायचे. गतिरोधकावर उतरून सायकल हाताने ढकलते. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता घेत नाही, ती चिकण माती मडगार्डमध्ये बसून चाकच धरते. मागे कुणी हॉर्न वाजवत असले तरी चालते. अण्णा त्या काळ्या सायकलवरून इतके हळू का जात, याचे मला तेव्हा नवल वाटायचे. घरी परतताना, मी नसताना, ते झपाट्याने जातात, असे चाळीतले लोक सांगत.

उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण इथल्या उन्हाळ्याला थंड गावांतले सल्ले पुरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि तशा हवेत उन्हातले डांबर ६० अंशांच्याही पुढे तापते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश, म्हणजे मुळातच आपल्याहून वरचे. त्याला घाम येतो तो जवळपास फक्त तळव्यांना. बाकी सगळी उष्णता जिभेवाटे, धापा टाकूनच बाहेर जायची. आपली हवा कोरडी असल्याने धापांचा उपयोग चांगला होतो, पण त्यात पाणी भराभर खर्च होते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर नीट धापाही टाकता येत नाहीत. त्याला घेऊन उन्हाळ्यात सायकलवर निघूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेडल मारणाऱ्याला स्वतःचा वारा लागत असतो आणि आपल्याला वाटते, छान गार आहे. टोपलीत मुटकुळे करून बसलेल्याला तो वारा तेवढा लागत नाही, आणि सिग्नलला थांबले की मुळीच लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही उजाडतानाच निघतो आणि ऊन तापायच्या आत घरी असतो. सोबत पाण्याची बाटली, वाटी आणि एक ओला टॉवेल असतो. तोही सोलापुरीच, पाणी धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या तर फिरणे तिथेच संपवायचे, सावलीत न्यायचे, अंगावर साधे पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि थेट पशुवैद्याकडे जायचे. शरीराचे तापमान ४१ अंशांवर गेले की प्रत्येक मिनिट मोलाचे असते. संक्रांतीच्या सुमारास हवा छान असते, पण तेव्हा मी सिद्धेश्वरांच्या यात्रेकडे त्याला फिरकूही देत नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीची गर्दी आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम माणसांच्या डोळ्यांसाठी आहे. त्याच्या कानांना ते सोसत नाही. ती रात्र तो पलंगाखाली काढतो आणि मी घरी थांबते, गड्ड्याचा, म्हणजे त्या जत्रेतला, चिवडा कुणीतरी आणून देते.

भटक्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. तलावाच्या वळणावर चार-पाच जणांची एक टोळी आहे, एरवी अतिशय समंजस. माझी रिकामी सायकल त्यांनी कधी डोळ्यांनीही मोजली नाही. टोपलीतून एक परका गंध त्यांच्या हद्दीतून जाऊ लागला तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे, तेव्हा जोरात पेडल मारून निसटण्याचा विचार मनातून काढावा लागतो. मी आधीच उतरते, सायकल त्यांच्या आणि माझ्या मध्ये धरते आणि कुणाच्याही डोळ्यांत न पाहता सावकाश चालत जाते. दगड उचलत नाही. आतला शेंग्या अशा वेळी भुंकतो की गप्प बसतो, यावर बरेच अवलंबून असते. सुरुवातीला तो फार शूर होता. त्याचे रेबीजचे इंजेक्शन दरवर्षी वेळेवर होते, आणि त्या टोळीतल्या दोघांच्या कानाला नसबंदीची खूण दिसली तेव्हा मला फार बरे वाटले होते.

त्याला यायचे असते का, हा प्रश्न उरतोच. टोपली आधी कितीतरी दिवस घरात जमिनीवर पडून होती, त्यात त्याची वाटी ठेवायची, त्यात त्याने झोपायचे. मग स्टँडवरच्या सायकलवर. मग मी हाताने ढकलत अंगणात. हे टप्पे घाईने उरकले तर कुत्रा टोपलीला नाही म्हणायला शिकतो. पण हो म्हणायला शिकला, म्हणजे त्याला आवडले, की भाकरीच्या तुकड्यापुढे त्याचे काही चालले नाही? मी त्याच्या तोंडाकडे पाहायला शिकले. झोप नसताना आलेली जांभई, वारंवार ओठ चाटणे, डोळ्यांच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, ही अस्वस्थतेची चिन्हे. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीवाचून राहिलेला भाकरीचा कोरडा कडक तुकडा, ज्यासाठी तो एरवी जीव टाकतो. तो तुकडा त्याने नाकारला तर काहीतरी बिनसले आहे, आणि आम्ही परत फिरतो. रोज सकाळी टोपलीजवळ एक ठोकळा ठेवते, सायकल भिंतीला घट्ट टेकवते आणि मी ठोकळ्यावर हात थोपटते. तो ठोकळ्यावर चढून उभा राहिला तर मी उचलून आत ठेवते. बहुतेक दिवशी तो चढतो. काही दिवशी ठोकळा हुंगतो, माझ्याकडे पाहतो आणि जाऊन तुळशीपाशी ऊन खात बसतो. त्या दिवशी मी एकटी जाते, आणि कबूल करायला हवे की त्या दिवशी मी जोरात जाते. ठोकळ्यावरचे ते चढणे म्हणजे खरीखुरी संमती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आजोबा चहाच्या गाडीपाशी अजूनही असतात. आता ते शेंग्याला बिस्किट देऊ पाहतात, मी नको म्हणते, आणि ते स्वतः खातात.

अलीकडे शेजारची नववीतली मुलगी मागे लागली आहे. तिला नवी गिअरची सायकल मिळाली आहे आणि शेंग्याला एक फेरी मारून आणायची आहे. मी तिच्या सायकलला कॅरिअर बसवून घेतले, जुनी टोपली दिली, आणि तिच्या आईला सांगून सहा किलो ज्वारी पिशवीत भरायला लावली. रोज संध्याकाळी ती कॉलनीतून पिशवी फिरवते. “काकू, पोतं घेऊन फिरले की पोरी हसतेत ओ मला,” अशी तिची तक्रार आहे, पण तिने पिशवीला ज्वाऱ्या असे नावही ठेवले आहे. काल पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ज्वाऱ्या कलंडला. तिने मलाच येऊन सांगितले. दोरी एकाच बाजूने बांधली होती. आता दोन्ही बाजूंनी बांधून पुढच्या रविवारपर्यंत चालवायचे, असे ठरले आहे; आणि तोवर ती ज्वारी गिरणीत न्यायची नाही, असे तिने आईला बजावले आहे.